नेकारकप, हाइलब्रॉन: लाल मातीवरच्या एका छोट्या टेनिस स्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवार, ९ जून २०२४. दिल्लीत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी, न्यूयॉर्कमध्ये भारत-पाकिस्तान टी-ट्वेंटी सामना आणि पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनची अंतिम लढत, सगळं एकाच दिवशी. त्याच दिवशी भारताचा टेनिसपटू सुमित नागल जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये नेकारकप ही चॅलेंजर दर्जाची स्पर्धा जिंकला. एवढ्या गर्दीत ही बातमी कोणाच्या लक्षात येणार? पण दोन-तीन दिवसांनी आमच्या टेनिसवाल्या ग्रुपवर प्रश्न सुरू झाले आणि ते अजून थांबलेले नाहीत. म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो.

नेकारकप हे कसलं नाव?

नेकार ही नदी आहे. चड्डीशी काही संबंध नाही (हा विनोद ग्रुपवर करून झालेला आहे). जर्मनीच्या नैर्ऋत्येला बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यातून ती वाहते आणि तिच्या काठावर हाइलब्रॉन हे मध्यम आकाराचं शहर आहे, श्टुटगार्टच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर. आजूबाजूच्या टेकड्यांवर द्राक्षाचे मळे आहेत, त्यामुळे आपल्या नाशिककरांना परकं वाटणार नाही. गावाच्या नावाचा मूळ अर्थ 'पवित्र झरा'. स्पर्धा ट्रापेनझे नावाच्या छोट्या तळ्याजवळच्या टेनिस क्लबवर होते. तळ्याच्या मधोमध एक चिमुकला वाडा आहे. जर्मन लोक त्याला 'श्लोस्शेन' म्हणतात, म्हणजे छोटा राजवाडा.

स्पर्धा कधी सुरू झाली?

२०१४ मध्ये. म्हणजे टेनिसच्या हिशेबाने अगदी अलीकडची. पण त्या भागाला व्यावसायिक टेनिस नवं नव्हतं. शेजारच्या तालहाइम गावात बरीच वर्षं हिवाळ्यात छताखाली एक चॅलेंजर स्पर्धा व्हायची. बंदिस्त हॉल आणि वेगवान कोर्ट, असा तो प्रकार होता. नेकारकप आला तो मोकळ्या हवेत, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि लाल मातीवर. प्रदेश तोच, खेळ मात्र पार बदललेला.

चॅलेंजर म्हणजे नेमकी कितवी पायरी?

दुसरी म्हणा, वरून मोजा किंवा खालून. सगळ्यात वर एटीपी टूर (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची मुख्य मालिका) आणि चार ग्रँड स्लॅम, म्हणजे जे आपण टीव्हीवर बघतो ते. सगळ्यात खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा, ज्यात विजेत्याला क्रमवारीचे १५ किंवा २५ गुण मिळतात आणि बघायला अनेकदा खेळाडूंचे नातेवाईकच असतात. या दोहोंच्या मध्ये चॅलेंजर. ही मालिका १९७८ मध्ये १८ स्पर्धांनी सुरू झाली, आता वर्षाला दोनशेच्या आसपास स्पर्धा होतात.

क्रमवारीत साधारण ८० ते ३०० मध्ये असलेल्यांचं हे रोजचं ऑफिस. वरून घसरलेला, दुखापतीतून परतणारा, वयाने लहान पण घाईत असलेला, असे सगळे इथे एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या एकाच तक्त्यात भेटतात. माझ्या मते टेनिस समजून घ्यायचं असेल तर विंबल्डनच्या अंतिम सामन्यापेक्षा चॅलेंजरचा बुधवार जास्त शिकवतो. तिथे प्रत्येक जण कशासाठी तरी जिवावर उदार होऊन खेळत असतो, आणि ते 'कशासाठी' म्हणजे बहुतेक वेळा क्रमवारीतल्या वीस-तीस जागा.

मुख्य फेरीत ३२ खेळाडू असतात. त्याआधी पात्रता फेरीत २४ जण सहा जागांसाठी भांडतात. २०१९ मध्ये एटीपीने प्रयोग म्हणून मुख्य फेरी ४८ जणांची केली होती. पुढे ते मागे घेतलं.

'चॅलेंजर १००' मधला १०० म्हणजे बक्षिसाची रक्कम?

नाही, विजेत्याला मिळणारे गुण. सध्या ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ अशा पाच श्रेणी आहेत. २०२४ ला हाइलब्रॉन १०० वाली होती. तुलनेसाठी, ग्रँड स्लॅम जिंकल्यास २००० आणि ग्रँड स्लॅमच्या पहिल्याच फेरीत हरल्यास १०.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाल माती म्हणजे खरंच माती असते का?

नसते. भाजलेल्या विटांची बारीक भुकटी असते. जर्मनीत तर या कोर्टला 'झांडप्लाट्झ' म्हणतात, म्हणजे वाळूचं मैदान, आणि त्यात वाळूही नसते! आपण क्ले म्हणतो, तेही तितकंसं बरोबर नाही.

गोष्ट अशी सांगतात की १८८० च्या सुमारास इंग्लंडचे रेन्शॉ बंधू फ्रान्समध्ये कान इथे टेनिस शिकवत होते. तिथल्या उन्हात गवत करपायचं. शेजारच्या व्हालोरिस गावात मातीची भांडी भाजणारे कुंभार होते. त्यांच्याकडची फुटकी भांडी दळून ती भुकटी गवतावर पसरली आणि कोर्ट टिकलं. पुढे भांड्यांच्या जागी विटा आल्या.

वर दिसतो तो लाल थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर त्याच्याखाली दळलेला पांढरा चुनखडक असतो, त्याखाली कोळसा जळून उरलेला चुरा, मग खडी आणि तळाला मोठे दगड. पाणी निचरून जावं पण ओल टिकावी, यासाठी एवढा खटाटोप. ओल गेली की भुकटी उडते, आणि पाणी जास्त झालं की पाय रुततो. म्हणून माळी (तिथे त्याला काहीही म्हणत असोत, काम माळ्याचंच) दिवसातून अनेकदा पाइप घेऊन उभा असतो. सेट संपला की रुंद जाळी ओढत गोल गोल फिरतो, बाहेरून आत. मग रेषांवरून झाडू फिरवतो, कारण रेषा बुजलेल्या असतात. अंगण झाडल्यासारखंच दिसतं ते.

खेळावर परिणाम काय? चेंडू जमिनीला घासून मंदावतो आणि उंच उडतो. दणक्यात सर्व्हिस मारून गुण उरकणाऱ्याची इथे पंचाईत होते. ज्याचे पाय चांगले, दम चांगला आणि टॉपस्पिन (चेंडूला दिलेली पुढची फिरकी) जड, त्याचं फावतं. फटका मारताना घसरत जावं लागतं, आधी मारून मग घसरलात तर परत यायला उशीर होतो. नागल ५ फूट १० इंचांचा. तो मातीवर रमतो यात नवल नाही.

पंच मध्येच खुर्चीवरून खाली का उतरतात?

चेंडूचा ठसा बघायला. मातीवर चेंडू लांबट डाग सोडतो. रेषेला तो किंचित जरी टेकलेला असला तरी चेंडू आत. खेळाडू रॅकेटने एका ठशाकडे बोट दाखवतो, पंच भलत्याच ठशापाशी वाकतो आणि मग जे संभाषण होतं ते कुठल्याही गल्ली क्रिकेटमध्ये ऐकलेलं असतं.

स्पर्धा वर्षात कधी असते?

सुरुवातीची वर्षं मे महिन्यात, फ्रेंच ओपनच्या आधी व्हायची. त्यामुळे पॅरिसला जाण्याआधी मातीवर हात साफ करायला बरे खेळाडू यायचे. २०२४ मध्ये ती ३ ते ९ जूनला झाली, म्हणजे फ्रेंच ओपनच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा पॅरिसमध्ये लवकर हरलेले पाचेकशे किलोमीटर पूर्वेला येऊन पुन्हा नशीब आजमावू शकत होते. तारखा हलल्या की स्पर्धेचा स्वभावही बदलतो. आधी ती तालीम होती, नंतर फेरपरीक्षा झाली. आणि २०२० च्या मे महिन्यात तर कोविडमुळे जगभरचं टेनिस बंदच होतं.

आजवर तिथे कोण कोण जिंकलं? ओळखीचं कोणी आहे का?

सगळी यादी देत नाही, चार नावं सांगतो, कारण चौघांच्या वाटा चार दिशांना गेल्या.

२०१५ ला जिंकला अलेक्झांडर झ्वेरेव. वय १८. अंतिम सामन्यात त्याने अर्जेंटिनाच्या गिदो पेलाला हरवलं आणि लगेचच्या क्रमवारीत पहिल्यांदा पहिल्या शंभरात शिरला. पुढचं माहीत असेलच: टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण, वर्षअखेरीची एटीपी फायनल्स दोनदा.

२०१७ ला सर्बियाचा फिलिप क्रायिनोविच. मे महिन्यात हाइलब्रॉनमध्ये चॅलेंजर जिंकणारा हा माणूस त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस मास्टर्समध्ये (मास्टर्स म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोठ्या स्पर्धा) पात्रता फेरीतून आत आला आणि थेट अंतिम फेरीत पोहोचला. तिथे जॅक सॉकने त्याला हरवलं. त्या वेळी क्रायिनोविचचा क्रमांक होता ७७. हाही आकडा पुढे येणार आहे.

२०१८ ला रुडॉल्फ मॉलेकर. जर्मनीचा, वय १७. अंतिम फेरीत झेकियाच्या यिर्झी व्हेसेलीसारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवलं. झ्वेरेवची आठवण सगळ्यांना झाली असणार: तोच क्लब, जवळपास तेच वय. पण २०१९ च्या सुरुवातीला दीडशेच्या किंचित आत पोहोचल्यावर मॉलेकरची चढण अडली. तो वाईट खेळाडू नाही. पण दीडशे आणि शंभर यांच्यात जी भिंत आहे ती लांबून दिसत नाही.

२०२१ ला स्पेनचा बर्नाबे झापाता मिराय्येस. पुढच्याच वर्षी तो फ्रेंच ओपनच्या पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आला, टेलर फ्रिट्झ आणि जॉन इस्नर यांना घरी पाठवलं आणि चौथ्या फेरीत पोहोचला. समोर कोण? झ्वेरेव. हाइलब्रॉनचे दोन विजेते पॅरिसमध्ये एकमेकांसमोर. झ्वेरेव तीन सेटमध्ये जिंकला.

नागल या स्पर्धेपर्यंत कसा पोहोचला?

सरळ रस्त्याने नाही. हरियाणातल्या झज्जरचा हा मुलगा २०१५ मध्ये विंबल्डनच्या मुलांच्या दुहेरीत विजेता होता. २०१९ च्या यूएस ओपनमध्ये त्याने फेडररकडून पहिला सेट घेतला, तेव्हा रात्री जागलेले आपल्यातले बरेच जण आहेत. त्याच सप्टेंबरमध्ये तो ब्वेनोस आयरेसची मातीवरची चॅलेंजर जिंकला. टोकियो ऑलिंपिकमध्ये एकेरीचा सामना जिंकला, जो १९९६ च्या लिअँडर पेसनंतर कुठल्याही भारतीय पुरुषाला जमला नव्हता.

मग २०२१ च्या शेवटी कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया आणि क्रमवारीत थेट पाचशेच्या पलीकडे. तिथून वर येताना मातीच कामी आली. एप्रिल २०२३ मध्ये रोमची चॅलेंजर जिंकली. युरोपातल्या मातीवर चॅलेंजर एकेरी जिंकणारा तो पहिला भारतीय. जुलैत फिनलंडमधल्या ताम्पेरेला पुन्हा विजेता. आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्याने मुलाखतीत सांगितलं की बँकेत ९०० युरो उरलेत, म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये. भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू!

जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने ३१वा मानांकित बुब्लिक याला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकिताला हरवणारा हा पहिला भारतीय पुरुष. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात. एप्रिलमध्ये मोंते कार्लोत अर्नाल्दीवर विजय.

मग जून २०२४ च्या त्या आठवड्याचं एवढं काय?

सगळं गणित तारखेत आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या एकेरीत ६४ जागा, त्यातल्या ५६ थेट क्रमवारीवरून आणि ती क्रमवारी धरली जाणार होती १० जून २०२४ ची. नागल होता ९५व्या क्रमांकावर. एका देशाचे चारच खेळाडू जाऊ शकत असल्यामुळे वरच्यांपैकी काही गळणार होते, पण ९५ वर बसून निर्धास्त झोप येणार नाही.

फ्रेंच ओपनमध्ये पहिल्याच फेरीत खाचानोव्हने त्याला तीन सेटमध्ये हरवलं: ६-२, ६-०, ७-६. मिळाले १० गुण. मग गाठलं हाइलब्रॉन. यादी बंद व्हायला एक आठवडा आणि हातात एकच स्पर्धा.

अंतिम सामना स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर रिटशार्डशी. पहिला सेट ६-१. आकडा बघून वाटतं की झालं, आता हातपाय गाळेल समोरचा. गाळले नाहीत. दुसरा सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेमपर्यंत गेला आणि नागलने तो टायब्रेक ५-७ असा घालवला. म्हणजे विजयापासून दोन-तीन फटके दूर असताना पुन्हा शून्यापासून सुरुवात, तीही अशा पृष्ठभागावर जिथे कुठलाच गुण फुकट मिळत नाही. तिसरा सेट त्याने ६-३ घेतला.

१०० गुण. सोमवारी, यादीच्या दिवशी, क्रमांक ९५ वरून ७७. ऑलिंपिकचं तिकीट पक्कं.

आता सुरुवातीच्या रविवाराकडे परत या. ज्या दिवशी नागल हाइलब्रॉनमध्ये जिंकला, त्याच दिवशी पॅरिसमध्ये अल्काराझसमोर अंतिम सामना खेळत होता तो झ्वेरेव, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा हाइलब्रॉनचा विजेता. पाच सेटमध्ये तो हरला. योगायोगच, पण एवढ्याशा स्पर्धेसाठी याहून चांगली जाहिरात कुणालाही सुचली नसती.

ऑलिंपिकमध्ये पुढे काय झालं?

पहिल्या फेरीत फ्रान्सच्या कोराँताँ मूतेकडून तीन सेटमध्ये हार: ६-२, २-६, ७-५. त्याच रोलाँ गॅरोसच्या मातीवर, घरच्या प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात. तिसरा सेट कुठेही झुकू शकला असता.

जिंकल्यावर पैसे किती मिळतात?

इथे गंमत आहे, आणि थोडी चीडही. २०२४ मध्ये हाइलब्रॉनची एकूण बक्षीस रक्कम होती साधारण १ लाख २० हजार युरो. ही सगळ्या खेळाडूंत मिळून, एकेरी-दुहेरी धरून. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या एकेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या प्रत्येकाला ७३,००० युरो मिळाले. म्हणजे नागलला पॅरिसमध्ये एक सामना हरून जे मिळालं, ते हाइलब्रॉनच्या अख्ख्या तिजोरीच्या निम्म्याहून जास्त!

पण गुण बघा. तिकडे १०, इकडे १००. पैसा वर आहे, पण वर चढायची शिडी खाली ठेवलेली आहे. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश साधारण पहिल्या १०४ जणांना मिळतो. वर्षातून चार वेळा ते ७३ हजारांचं दार उघडं राहावं म्हणून उरलेलं वर्ष हाइलब्रॉनसारख्या गावांत काढायचं. प्रशिक्षक, फिजिओ, विमान धरून वर्षाचा खर्च ऐंशी लाख ते एक कोटींच्या घरात जातो, असं नागलनेच सांगितलं होतं.

ते १०० गुण अजून त्याच्या खात्यात आहेत का?

नाहीत. गुण ५२ आठवडे टिकतात. हाइलब्रॉननंतर तो इटलीत पेरुजाला गेला, तिथे अंतिम फेरीत दार्देरीकडून हरला, ७१वर आला आणि जुलैत ६८ या त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वोच्च स्थानावर पोहोचला. पण जून २०२५ उजाडला तसे हे १०० गुण गळाले, जागी तेवढे नवे नव्हते आणि क्रमांक दोनशेच्या पलीकडे गेला. टेनिसमध्ये जिंकलेली स्पर्धा वर्षभराने उधारीसारखी दारात उभी राहते.

श्टुटगार्टची मोठी स्पर्धा एवढी जवळ असताना ही छोटी टिकते कशी?

श्टुटगार्टची पुरुषांची स्पर्धा पूर्वी मातीवरच व्हायची. २०१५ मध्ये ती गवतावर गेली, विंबल्डनच्या तयारीसाठी. त्यामुळे आता गाडीने तासाभराच्या अंतरावर दोन वेगळी जगं आहेत. २०२४ मध्ये तर हाइलब्रॉनची माती संपली आणि दुसऱ्या दिवशी श्टुटगार्टचं गवत सुरू झालं. नागलने गवत टाळून पेरुजाची माती निवडली होती, हे वर आलंच. मला तरी तो निर्णय पटला. विंबल्डन कोणाला नको असतं, पण गुण जिथे पिकतात तिथेच पेरावेत.

महाराष्ट्रात अशी मातीवरची स्पर्धा होऊ शकेल का?

विटांच्या भुकटीचं कोर्ट सांभाळणं खर्चिक आणि आपला पावसाळा त्याचा उभा वैरी. आमच्या लहानपणी गावच्या जिमखान्यात मुरमाची कोर्टं होती. उन्हाळ्यात ती शेणकाल्याने सारवायचे, दोन दिवस कोणाला पाय ठेवू द्यायचे नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पहिला चेंडू टप्पा खाऊन वर आला की त्यावर हिरवट डाग असायचा. चेंडू उडायचा कमी आणि वळायचा जास्त. त्यावर शिकलेल्या पोरांना लाल मातीवर टाकलं असतं तर काय झालं असतं, हा आमचा आवडता निरुपयोगी वाद. आता तिथे सिमेंट आहे.

आपल्याकडच्या मोठ्या स्पर्धा हार्ड कोर्टवरच झाल्या. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपी २५० होती, म्हणजे मुख्य टूरवरची, विजेत्याला २५० गुण देणारी स्पर्धा. ती गेल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे चॅलेंजर आली, हाइलब्रॉनसारखीच १०० गुणांची. ती जिंकला मोनॅकोचा व्हॅलेंटीन व्हाशेरो. नाव तेव्हा फारसं कोणाला माहीत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, क्रमवारीत २०४वा असताना, पात्रता फेरीतून येऊन त्याने शांघाय मास्टर्स जिंकली. ग्रुपवर त्या रात्री एकाने फक्त एवढंच लिहिलं: "अरे, हा तर आपल्या बालेवाडीचा!"